पूर्णाकाठचे वानखडे सर

वानखडे सर माती चाटून पाहत. भातकुलीकडे कुठे विहीर खणली जात असली की सायकल टाकून ते आत उतरत, ढेकूळ फोडून जिभेला लावत आणि काठावर उभ्या असलेल्या मला म्हणत, "खारी आहे. इथं पानी येऊन बसलं, आन् उडून गेलं. मीठ तेवढं मांगं ठेवलं बाप्पा." मी पुण्याहून अमरावतीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला आलेलो, ते भूगोलाचे. माझा इतिहास त्यांना कालपरवाचा वाटे.

पूर्णेच्या काठावरून आणलेले नमुने त्यांनी वर्गातल्या कपाटात मांडले होते. काळी माती, चुनखडीचे खडे, गोटे आणि हत्तीची एक दगड झालेली दाढ. मुलांना सांगत, "हे चुनखडीचे खडे पाहा. पाऊस कमी झाला का हे मातीत बनते. इथं पावसानं पाठ फिरवली व्हती. तवा मानूस काई करत नव्हता. आता करून राहिला." कोळसा म्हणजे गाडलेलं जुनं रान, युगायुगांचं ते रान आपण चार पिढ्यांत जाळतोय, त्याचा वायू हवेत साठून उष्णता धरून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे काय होईल, असं कुणी विचारलं की म्हणत, "मांगं पाहा ना. पृथ्वी आंदी बी तापली व्हती. तवा काय झालं ते मातीत लिवलं आहे."

एका उन्हाळ्यात अकोल्याला त्यांचं व्याख्यान झालं. अध्यक्ष कापसाच्या एका जिनिंगचे मालक होते. आमच्या कॉलेजवरही त्यांचीच सत्ता. समारोपाला उठून ते म्हणाले, "वानखड्यांनी आंदी धरम बदलवला, आता हवामान बदलवून राहिले." सभागृह खदखदून हसलं. छप्पन साली सरांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता, हे त्या हसणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

हशा ओसरेपर्यंत सर थांबले. मग म्हणाले, "धरम मी समजून बदलवला, साहेब. हवामान आपुन सारे मिळून बदलवून राहिलो, न समजता."

आठवडाभरात वर्गातलं कपाट रिकामं झालं. मालक कॉलेजात येणार म्हणून फाटकातला खड्डा बुजवायचा होता; नमुने त्यात ओतून वर मुरूम पसरला. प्राचार्य म्हणाले, "दगडमातीच तर होती." माझं डोकं फिरलं. मी सरांना म्हणालो, "राजीनामा द्या यांच्या तोंडावर."

"काहून देऊ?" त्यांनी रिकाम्या कपाटाचं दार धाडकन लावलं. "कपाट फेकता येते. काठ कसा फेकतीन?" दुसऱ्या दिवशी ते अख्खा वर्ग एसटीत घालून पूर्णेवर घेऊन गेले, आणि दर वर्षी नेत राहिले. बढती त्यांना कधीच मिळाली नाही.

पुढे ते काविळीनं गेले. शोकसभेचं अध्यक्षपद पुन्हा त्याच मालकांकडे. ते म्हणाले, "वानखडे म्हणजे शांत मानूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात."

मी उभा राहिलो. म्हटलं, "ते शांत नव्हते. ते कळवळून सांगत होते आणि तुम्ही हसत होतात."

प्राचार्यांनी घाईघाईनं दोन मिनिटांची स्तब्धता जाहीर केली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. मी बोलतच राहिलो.