वडप्याची सून, टेमघरची लेक

दोन दिवस भिवंडीला जाऊन आले असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कोणी आजारी आहे का?" नाही हो. सहलीला गेले नव्हते हे खरं, पण फिरले मात्र भरपूर.

झालं असं. मी पुण्यात घरबसल्या भाषांतरं करते. माझी मैत्रीण शर्वरी बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांच्या आरोग्यावर संशोधन करते. तिच्या प्रश्नावलीचं मराठी मी केलं होतं. एक दिवस तिचा फोन आला, "तुझे प्रश्न बायकांना कळतात का ते बघायला चल. यातून जे निघेल ते आम्ही आरोग्य खात्यापुढे मांडणार आहोत. प्रश्नच चुकला तर पुढचं सगळं फुकट." माझ्या मराठीवर शंका! लगेच बॅग भरली.

पुण्याहून सकाळच्या गाडीने कल्याण, तिथून शेअर रिक्षा. पन्नास-साठ रुपये धरून ठेवा, आणि तोंडाला बांधायला ओढणी. दुर्गाडीच्या पुलावर खाडीचा गार वारा लागतो, तेवढंच सुख. कोन गावापासून पुढे मेट्रोचे खांब, कंटेनर आणि धूळ. आमचे रिक्षावाले मात्र निवांत. "मॅडम, गाडी बंद करतो, तुम्ही चहा पिऊन या," म्हणाले. मी खरंच उतरून चहा प्यायले आणि परत येऊन बसले, तरी रिक्षा तिथेच!

भिवंडीतल्या टेमघरला शर्वरी आणि तिथल्या आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, सुजाता वाट बघत होत्या. सुजाताताई चाळिशीच्या, झपझप चालणाऱ्या. मागच्या गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट येत होता, त्यामुळे सगळे एक पट्टी वर बोलत होते. त्यांच्या यादीतल्या पहिल्या घरी मी माझा आवडता प्रश्न वाचला, "प्रसूतिपश्चात किती गृहभेटी झाल्या?"

ती बाई गोड हसली. "बारशाला येतील की सगळे."

पुढे 'पूरक आहार' म्हटल्यावर तिने विचारलं, "तो मेडिकलमध्ये मिळतो काय?" शर्वरी वहीत डोकं खुपसून हसत होती. मी पेन काढलं आणि खोडायला सुरुवात केली.

बाहेर पडतो तोच शेजारच्या दारातून हाक आली, "बाय, आमच्याकडं बी बालंतीन हाय. तिला न्हाय इचारत?"

सुजाताताई थबकल्या. "मंदाकाकू, प्रियंका आली? कधी?"

"बाल नऊ दिवसांचं झालं. दवाखान्यातून सरळ इकडंच आणली."

आम्ही आत गेलो. प्रियंका भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर चिमुकली लेक. मी कागद काढला. "कायमचा पत्ता?"

"कुठला सांगू?" ती गोंधळली. "सासर वडप्याला. नाव तिकडं लावलंय. आता आईकडं आहे."

"तिकडच्या आशाताई आल्या होत्या?"

"घरी आल्या होत्या म्हणे. सासूबाईंनी सांगितलं, माहेरी गेली."

म्हणजे वडप्याच्या यादीत ही गावाला गेलेली, आणि टेमघरच्या यादीत हिचं नावच नाही. नऊ दिवसांत बाळाला बघायला कोणीच आलं नव्हतं. मंदाकाकू मात्र खुशीत होत्या. "लय गुनी पोर हाय. रडत न्हाय, काय न्हाय. नुसती झोपते."

सुजाताताईंचं हसू गेलं. त्यांनी बाळाच्या पायांच्या तळव्यांना हात लावला, मग पोटाला. दोन्ही गार. "प्रियंका, पाजून दाखव बरं." बाळाने दोन घोट ओढले आणि ते परत झोपलं. तळव्यांना टिचक्या मारल्या, तरी डोळे उघडेनात. पिशवीतून वजनकाटा निघाला. वजन जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं.

"काकू, चादर द्या. रुग्णालयात जायचं, आत्ताच."

"अगं, पन अजून सव्वा महिना..."

"सव्वा महिना नंतर, काकू. बाळ दूध ओढत नाही."

प्रियंका लगेच उठली. ऊब मिळावी म्हणून सुजाताताईंनी बाळाला उघडं करून तिच्या छातीशी धरलं, वरून चादर गुंडाळली. रिक्षात मी पुढे, प्रियंका, मंदाकाकू आणि सुजाताताई मागे; शर्वरी दुसऱ्या रिक्षाने आली. चौकात ट्रक आडवा आला तेव्हा सुजाताताई बाहेर डोकं काढून ओरडल्या, "भाईसाब, बच्चा सीरियस है, रास्ता दो!" आणि खरंच, वाट झाली. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून पूर्ण रस्ताभर मागे वळून एकच विचारत होते, "श्वास चाललाय ना?"

सरकारी रुग्णालयात बाळाला लगेच आत घेतलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आल्या. "जंतुसंसर्गाची सुरुवात आहे, साखरही उतरलीय. वेळेत आणलंत." प्रियंका तेव्हा पहिल्यांदा रडली. मंदाकाकू माझा हात धरून म्हणाल्या, "मला वाटलं, पोर शानी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडतंय असा फोन आला. रडतंय म्हणून एवढा आनंद मी कधी बघितला नव्हता! मग सुजाताताई, शर्वरी आणि मी वडप्याला गेलो. हायवेला लागून गोदामंच गोदामं. ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर तांदळाची भाकरी आणि सुकट मिळाली, चुकवू नका. तिथल्या आशाताई आमच्यासमोर बसल्या, हिरमुसलेल्या. "मी दोनदा गेले हो त्यांच्याकडं," म्हणाल्या. खोटं वाटलं नाही. सुजाताताईंनी फोन पुढे केला. "तुमचा नंबर टाका यात. माहेरी कोणी निघाली की मला एक कॉल." त्यांचं धोरण पाच मिनिटांत ठरलं.

आमचं अजून चाललंय. माहेरी जाणाऱ्या बाईची नोंद दोन्हीकडे व्हावी, असं शर्वरीने लिहून दिलंय. आरोग्य खात्यातले साहेब म्हणाले, "सूचना चांगली आहे, बघू." शर्वरीकडून त्यांना दर आठवड्याला फोन जातो. प्रियंकाची लेक दहा दिवसांनी घरी आली. बारसं उशिरा पण दणक्यात झालं. मी माझ्या प्रश्नावलीतला निम्मा मजकूर बदललाय. भिवंडीत बघण्यासारखं काय आहे, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पण पुण्यात परतल्यावर बरेच दिवस झोपलेलं तान्हं बाळ दिसलं की माझा हात त्याच्या तळव्यांकडे जायचा, आणि त्याची आई चमकून बघायची.

परवा भाचीचा फोन आला. सातवा लागलाय, बाळंतपणाला सासवडला माझ्या भावाकडे, माहेरी येणार आहे. "आत्या, बॅगेत काय काय भरू?"

"बॅगेचं मागाहून बघू," मी म्हटलं. "आधी सासवडच्या आशाताईंचा नंबर लिहून घे."