निरोपाचा तास

मला थांबता येत नाही. स्वयंपाकघरात नाही, एसटीच्या रांगेत नाही आणि वर्गात तर मुळीच नाही. परभणी जिल्ह्यात ताडकळसच्या पुढं एका लहानशा गावात आमची दोनशिक्षकी शाळा. तिसरी-चौथी माझ्याकडं आणि दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू. मुलांना बोलतं करायचं, नीट ऐकायला शिकवायचं, या एका गोष्टीनं त्या वर्षी मला झपाटलं होतं. आमची पोरं पाढे घडाघडा म्हणायची, पण पाहुण्यानं नाव विचारलं की भिंतीला चिकटायची. असा राग यायचा म्हणून सांगू!

म्हणून मी निरोपाचा तास काढला. मोबाइल घरोघरी आले तरी आमच्याकडं निरोप अजून पोरंच नेतात. "जा गं, काकूला म्हनाव चाळणी दे" एवढ्यासाठी फोन कोण लावतं? म्हटलं, हेच वर्गात आणू. रोज एकाच्या कानात निरोप सांगायचा. त्यानं तो गावात पोचवायचा, जबाब घेऊन यायचा आणि वर्गापुढं उभं राहून सांगायचा. मग दुसऱ्या कुणीतरी तोच जबाब पुन्हा म्हणून दाखवायचा. नियम एकच: जसं ऐकलं तसं सांगायचं. पदरचं घालायचं नाही आणि काही गाळायचंही नाही.

काय धमाल उडाली! गिरणीवाले काका मुद्दाम लांबलचक जबाब द्यायचे, अंगणवाडीच्या ताई कोडी घालायच्या. आठवडाभरात पोरं "बाई, आज माझी पाळी, आज माझी" म्हणून माझ्या पदराला लोंबकळायला लागली. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं.

फक्त एक पोरगी गप्प. मेंढपाळाची, तिसरीतली. जूनपासून तिनं वर्गात एक शब्द काढला नव्हता. मी तिच्यापुढं चित्र धरायची. "सांग बाळा, हे काय? मेंढरू ना? हो, मेंढरूच! शाब्बास!" आणि पुढच्या बाकाकडं वळायची. तिला निरोप द्यायचं धाडस मला होईना. ती मुकाट परत आली आणि वर्ग हसला, तर?

दसरा झाला आणि तिचे वडील दारात येऊन उभे राहिले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. माणूस फार कमी बोलणारा.

"बाई, दिवाळी झाली की आमी मेंढरं घेऊन निघायलाव. पोरीला हितं आत्याजवळ ठेवावं म्हनलं व्हतं. पर ती शाळंत तोंडच उघडत न्हाई म्हनं. मग ठेवून काय उपेग? संगं नेतो."

"अजिबात न्यायचं नाही!" मी ओरडलेच. एकदा कळपामागं गेली की पार पावसाळ्यापर्यंत रानोमाळ, म्हणजे शाळा सुटल्यातच जमा. "दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात ती बोलली नाही तर मी आडवी येणार नाही."

"हं," एवढं म्हणून ते गेले. आणि मी बोलून बसले खरी, पण तिला बोलतं कसं करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

दिवस भराभर चालले. सुट्टी चार दिवसांवर आली. निम्मी पोरं आईबापासंगं कापूस वेचायला गेलेली, आणि शाळेची पाण्याची टाकी तीन दिवस कोरडी. माझं डोकं तापलेलं. ग्रामपंचायतीचं कार्यालय समोरच, रस्त्यापलीकडं. पाणी सोडणारे मामा तिथंच खुर्ची टाकून बसायचे. निरोप द्यायला नजर फिरवली तर सगळ्यांच्या पाळ्या होऊन गेलेल्या. राहिली ती एकटीच. म्हटलं, होईल ते होईल.

तिच्या खांद्यावर हात ठेवून कानात सांगितलं, "मामांना म्हणावं, शाळेची टाकी तीन दिवस कोरडी आहे, आज पाणी सोडा." इथं थांबायचं की नाही? पण मी कसली थांबते! एक हात तिच्या खांद्यावर तसाच, दुसरा कंबरेवर आणि तोंड चालूच. "मिशीला पीळ द्यायला वेळ आहे, कॉक फिरवायला नाही! उद्या सगळी पोरं यांच्याच दारात हात धुवायला बसवते, मग कळेल!"

तिनं मान डोलावली आणि गेली.

पाव तासानं पोरगी परत आली, आणि तिच्यामागं तणतणत खुद्द मामा.

"बाई, माझ्या मिशीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

अगं बाई गं! माझे कान लालेलाल. वर्ग डोळे फाडून बघतोय.

"समदं सांगितलं हिनं. तुमच्यावानी कंबरंवर हात ठेवून! आता माझं ऐका, मी..."

"थांबा मामा," एक खणखणीत आवाज आला. "जबाब मी सांगायची हाय."

आम्ही सगळे तिच्याकडं बघतच राहिलो. ती फळ्यापुढं जाऊन उभी राहिली, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि सुरू झाली. "मामा म्हनले, मोटर जळली हाय. परभणीहून मिस्तरी यायलाय. चार वाजता पाणी सोडतो. आन् बाईला म्हनाव, मिशी माझी हाय, कुनाच्या बापाची न्हाई. तिचं नाव घ्यायचं काम न्हाई!"

वर्गात हशा फुटला. पोरं बाकं बडवायला लागली. मामांचा राग कुठल्या कुठं पळाला. "हुबेहूब, बाई! लय हुशार हाय ही." मी दोन्ही कान धरून त्यांची माफी मागितली. लाज वाटत होती आणि आनंदानं नाचावंसंही वाटत होतं.

मामा गेल्यावर मी तिच्यापुढं खाली बसले. "अगं लबाडे, मग इतके महिने गप्प कामून होतीस?" हसून हसून मला धाप लागली होती, म्हणून पुढं बोलता आलं नाही. तेवढ्या वेळात तिनं विचार केला.

"बाई, तुमी इचारता आन् तुमीच सांगता. मग मी कधी बोलू?"

पोरं पुन्हा खिदळली. मला मात्र हसू आलं नाही. घरी जाताना एसटीत खिडकीशी बसून मी जूनपासूनचा एकेक दिवस आठवत होते. तिला मी किती प्रश्न विचारले होते! आणि एकाही उत्तराची वाट बघितली नव्हती. स्वतःचाच इतका राग मला कधी आला नव्हता.

सुट्टी लागायच्या दिवशी वडील आले. मला मोटर, मिशी, मामा, सगळं एका दमात सांगायचं होतं. "अहो, काय सांगू तुम्हाला..." इथपर्यंत आले आणि जीभ चावली. "तिलाच विचारा," म्हटलं.

ते तिच्यापुढं उकिडवे बसले. "ऱ्हाती का हितं? का येती संगं?"

ती खाली बघत उभी. "राहते म्हण गं" हे शब्द माझ्या दातांपर्यंत आलेले. मी पदराचं टोक मुठीत गच्च धरलं. एक पोरगं मध्येच बोलायला लागलं, त्याच्याकडं डोळे वटारले. ती जाते म्हणाली तर? तर तेही ऐकावं लागणार होतं. 

"ऱ्हाते," ती म्हणाली. "पर रोज फोन करायचा."

"करतो."

"आन् नुसतं हं हं न्हाई करायचं, बा. कोनच्या रानात मेंढरं बसली, कोनती मेंढी व्याली, समदं सांगायचं. मला ऐकायचं असतंय."

"हं," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं. ती त्यांच्याकडं बघत थांबली. मीही थांबले.

त्यांनी काठी खाली ठेवली. घसा खाकरला.

"काल ती काळ्या कानाची व्याली," ते म्हणाले. "दोन कोकरं झाली. तुला सांगायचंच ऱ्हायलं."