एका ओळीला बारा मार्क

त्या वर्षी आमच्या गल्लीची विहीर गुलाबी झाली. एकदम नव्हे. आधी बादलीच्या तळाशी जरा लाली दिसायची, मग सदरे तांबूस निघू लागले, आणि एके दिवशी मी घरी धुतलेलं धोतर नेसून शाळेत गेलो तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे?"

विहिरीच्या मागच्या भिंतीपलीकडे सूत रंगवायचा कारखाना होता. तिथलं रंगाचं पाणी कच्च्या खड्ड्यात सोडत, आणि ते झिरपत झिरपत आमच्याकडे मुक्कामाला येई. आम्हा बाकीच्यांचं फक्त धोतरावर निभावत होतं. खरी पंचाईत शेजारच्या अक्काची. ती घरच्या हातमागावर पांढरे पंचे विणायची. सूत धुवायला, खळ द्यायला लागणारं पाणी नळाच्या धारेत कुठून पुरणार? ते विहिरीचंच. व्यापारी पंचा उजेडात धरून म्हणायचा, "अक्का, पांढरा सांगितला होता." अजून एक हंगाम असा गेला की माग बंद करून विड्या वळायला बसायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं.

तेवढ्यात महापालिकेची निवडणूक आली. आमच्या वॉर्डात तिघे उभे होते: एक वकील, एक पैलवान आणि खुद्द तो कारखानदार!

अक्का म्हणाली, "मास्तर, तुमी शिकलेले. विहीर कोन राखतो ते बघून सांगा. गल्ली तुमचं ऐकते."

हे शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. 'प्रदूषण' हा शब्द मी नुकताच रविवारच्या पुरवणीत वाचला होता आणि तो कुठं वापरू असं मला झालं होतं. मी तिन्ही उमेदवारांना एकेक फुलस्केप कागद पाठवला. प्रश्न एकच, गुण शंभर: 'विहिरीच्या प्रदूषणाबाबत आपले धोरण सविस्तर लिहा.' सोबत निरोप, की गल्लीची मतं या निकालावर. आज सांगताना कान गरम होतात, पण तिघांनीही पेपर सोडवून पाठवले. मतं माणसाला काय काय करायला लावतात!

वकिलांचं उत्तर चार पानी. प्रस्तावना, सहा मुद्दे, मुद्द्यांना उपमुद्दे, खाली उपसंहार. समासही सोडलेला. पैलवानांनी लिहिलं होतं, 'मी सोता हिरीवर हुबा ऱ्हाईन, कोन रंग सोडतोय बघतो.' कारखानदाराच्या कागदावर एकच ओळ होती: 'खड्डा माजा हाय, पाडव्याच्या आत पक्का करून घेतो.'

मी दहावीचे पेपर तपासतो तसे तपासले. वकिलांना अठ्ठ्याऐंशी. पैलवानांना पस्तीस, त्यांची तालीम माझ्या शाळेच्या वाटेवर होती. एका ओळीला मी किती देणार? बारा दिले, त्यातले पाच अक्षराचे. निकाल दारावर चिकटवला.

संध्याकाळी कारखानदार आला. हातात टोपी, चेहऱ्यावर नापास पोराची कळा.

"मास्तर, बाराच?"

"उत्तर फार त्रोटक आहे हो. विस्तार नाही."

"खड्डा बी ल्हानच हाय की!"

"आणि गुन्हा कबूल करता, वर मतं मागता?"

"मग काय दुसऱ्याचा म्हनू?" एवढं बोलून तो गेला.

अक्का उंबऱ्यातून ऐकत होती. "मास्तर, वकिलानं विहीर बघितली काय?"

"अक्का, दुसऱ्या पानावर विहिरीचं सुंदर वर्णन आहे."

"ते न्हाय. बघितली काय?"

मी म्हटलं, धोरण महत्त्वाचं. तिनं मान हलवली आणि मागावर जाऊन बसली. नंतर कळलं, सगळ्या गल्लीत माझा निकाल न मानणारी ती एकटीच.

वकील निवडून आले. सात रस्ता चौकातून निघालेली त्यांची मिरवणूक गल्लीत शिरली, विहिरीला वळसा घालून गेली आणि जाताना पोतंभर गुलाल उधळून गेली. निम्मा विहिरीत पडला. नगरसेवक म्हणून विहिरीसाठी त्यांनी केलेलं काम ते एवढंच. महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी मला तेच सहा मुद्दे उपमुद्द्यांसकट तोंडपाठ म्हणून दाखवले. चहा चांगला होता.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा भिंतीपलीकडून थापीचा आवाज येऊ लागला. मी डोकावलो. कारखानदार धोतर खोचून उभा होता, गवंडी खड्ड्याला सिमेंट लावत होता आणि खड्ड्यापासून नाल्यापर्यंत पाइप टाकलेला होता.

"अहो, पण तुम्ही तर पडलात!"

"मग? निवडून आलो तर करीन, आसं कुटं लिवलं हुतं?"

घरी येऊन मी जपून ठेवलेला पेपर काढला. खरंच नव्हतं लिहिलं. चार पानं मी दोनदा वाचली होती आणि ही ओळ एकदाही धड वाचली नव्हती. तसाच परत गेलो. म्हटलं, "मार्क वाढवून देतो."

"ऱ्हाऊ द्या. घरात सगळ्यांनी बाराच पाठ केल्यात."

गल्लीनं विहीर उपसली, पुन्हा उपसली. पावसाळा सरता सरता पाणी निवळलं आणि अक्काच्या मागावर दुधासारखा पंचा चढला. विड्यांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. त्या दिवशी तिनं मला बोलावून घडी घातलेला एक पंचा हातात ठेवला. उलगडला तर गुलाबी, परत आलेल्या मालातला.

"हा तुमाला, मास्तर. रोज तोंड पुसा."

मी हसलो. तीही हसली. मग मागावर बसता बसता म्हणाली, "तो नाला पुढं कुटं जातो?"

"खालच्या पेठेत. का?"

"तितं बी कोन पंचे विनत असंल की."

हा प्रश्न माझ्या पेपरात नव्हता. मला दरदरून घाम फुटला आणि पंचा हातातच होता.