माझा पाय बरोबर आहे

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, कॉलेजात शिकवतात. पण नेमकं काय शिकवतात, हे मला लग्नानंतर कित्येक वर्षं कुणाला धड सांगता यायचं नाही. विषयाचं नाव 'संघकार्य'. इंजिनीअर होऊ घातलेल्या चौघाचौघांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला वर्कशॉपमध्ये एक टेबल बनवायला लावायचं. प्रत्येकाने एकेक पाय करायचा. टेबल उभं राहिलं की वन्सं त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवतात आणि कोपऱ्यावर बोट दाबतात. पाणी सांडतंच. मग चौघंही एका सुरात ओरडतात, "मॅडम, माझा पाय बरोबर आहे!" मुलं पाठीमागे त्यांना डुगडुग मॅडम म्हणतात. वन्संना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही.

गंमत अशी की जगाला मिळून काम करायला शिकवणाऱ्या या बाई घरात कुणाला काडीचीही मदत करू देत नाहीत. "मी बघते" हे त्यांचं पालुपद. जड कपाट हलवायचं असो की स्वतःला आलेला ताप, मी बघते. त्यांच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, केव्हाच हात टेकले. मला मात्र राग यायचा. इतकी वर्षं एका घरात राहून मी काय पाहुणी होते?

यंदा वन्संच्या घशाचं ऑपरेशन झालं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, असा डॉक्टरांनी दम भरला. आणि नेमकं तेव्हाच विभागप्रमुखांनी कळवलं की समिती तास पाहायला येतेय. मुलांना काही करून दाखवता आलं नाही, तर विषय बंद आणि त्याचे तास गणिताला. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?" असंही त्यांनी विचारलं. वन्संनी पाटीवर लिहिलं, 'मी बघते.'

"बघाल हो, पण बोलणार कोण?" असं म्हणून मी शिवणाचं काम बाजूला ठेवलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. त्यांनी डोळे वटारले. ओरडता येत नव्हतं, त्यामुळे माझं फावलं.

वर्कशॉपमध्ये त्या लिहायच्या, मी मोठ्याने वाचायचे. त्या लिहायच्या 'पुन्हा मोजा', मी वाचायचे, "पुन्हा मोजा, आणि जरा कमी भांडा." असं पदरचं घातलं की खडूचा फटका माझ्या हातावर बसायचा आणि मुलं खो खो हसायची.

एक उंच मुलगी तेवढी हसत नव्हती. तिचा पाय खरोखर बिनचूक होता, आणि त्याला ती कुणाला हात लावू देत नव्हती. बाकीचे तिघे रुसून बसले होते. वन्सं बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग पाटी पुसून त्यांनी जे लिहिलं, ते वाचताना मी पदरचं काही घातलं नाही.

'तू अगदी माझ्यासारखी आहेस. आणि टेबल डुगडुगतंय.'

मुलगी लाल झाली. थोड्या वेळाने तिने हातातला रंधा शेजारच्या मुलापुढे धरला आणि म्हणाली, "तू बघ जरा, कुठे कमी करायचं ते."

समिती आली. वन्संनी ग्लास ठेवला, कोपऱ्यावर बोट दाबलं. पाणी हललं, पण सांडलं नाही. समितीतल्या एका सरांनी त्या उंच मुलीला विचारलं, "यातला तुझा पाय कुठला?"

ती वाकली, चारही पाय निरखून पाहिले आणि हसली. "आता ओळखू येत नाही, सर. आम्ही एकमेकांचे घासलेत."

विषय टिकला. जाताना विभागप्रमुखांनी वन्संना विचारलं, "मग तुमचा आवाज येईपर्यंत हे तास कोण बघणार?"

उत्तर मला पाठ होतं. वन्संनी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

'आम्ही दोघी.'

वाचायचं काम माझं होतं. पण माझाच घसा असा दाटून आला, की शेवटी पाटी विभागप्रमुखांपुढे धरावी लागली.