मनगटातून दिसणारी पुस्तकं

आमच्या खोलीला एकही रिकामी भिंत नाही, हे लेकीचा व्हिडिओ काढायची वेळ येईपर्यंत मला कधी कळलंच नव्हतं. एका भिंतीला ओल येऊन पोपडे सुटलेले, दुसरीला लोखंडी कपाट आणि त्याच्याशेजारी देव, तिसरीत खिडकी आणि खिडकीत कूलर, चौथीत दार. लखनौच्या कडेला, चिनहटच्या या खोलीत आम्ही किती वर्षं काढली, पण भिंतीकडे भिंत म्हणून बघायची वेळच आली नव्हती.

लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि लखनौत ती ज्या शाळेत जायची तिथले वर्ग पाचवीला संपत होते. पुढं काय, या विचारानं मला जेवण जायचं नाही. पुण्याच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा आहे, तिथं दहावीपर्यंत सगळं हातांच्या भाषेत शिकवतात, हे आम्हाला गोमती नगरच्या ताईंनी शोधून दिलं. ताई विद्यापीठात शिकवतात, आमच्या साताऱ्याकडच्याच. हळदीकुंकवाला ओळख झाली आणि त्यांनी माझा हात धरला तो धरलाच. त्यांचे उपकार मी कुठं ठेवू, असं मला होतं. अर्ज त्यांनीच भरला, पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. शाळेनं व्हिडिओ मागवला होता. मुलीनं आई किंवा वडिलांशी तीन-चार मिनिटं हातांनी बोलायचं. दोघांचे चेहरे आणि हात स्वच्छ दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर सावली नको, मागं काही नको. जागा थोड्या होत्या आणि कुणाला घ्यायचं ते हा व्हिडिओ बघून ठरणार होतं.

आमच्या ह्यांना तेव्हा खुणा यायच्या त्या चारच. जेव, झोप, चल, शाब्बास. कारखान्यातून यायचे तेव्हा पोरगी निम्मी झोपेत असायची, शिकणार कधी? म्हणजे परीक्षा माझी. मी आठवीत शाळा सोडली. गणिताचा पेपर समोर आला की हाताला घाम सुटून शाई फिसकटायची, तो घाम इतक्या वर्षांनी परत आला.

ताईंनी त्यांचा मोबाईलचा स्टँड दिला. टाळेबंदीत त्या घरून शिकवायच्या तेव्हाचा. बाकीचं हे अलीगंजच्या बाजारातून घेऊन आले. दोन मोठे एलईडी बल्ब, होल्डर, वायर, आणि हिरवंगार कापड, पोपटापेक्षा हिरवं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"दुकानदार म्हणाला, भाईसाहब, यूट्यूबवाले सब यही ले जाते हैं. हे लावायचं आणि मागं पाहिजे ते दाखवायचं. ताजमहाल म्हण, स्वित्झर्लंड म्हण."

"शाळेला ताजमहाल कशाला?"

"ताजमहाल नाही गं. हे बघ." दुकानदारानं ह्यांच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं होतं. त्यात त्यांनी एक चित्र निवडून ठेवलेलं. लाकडी कपाट, वरपासून खालपर्यंत जाडजूड पुस्तकं. "शाळेला बरं वाटेल. म्हणतील, शिकलेलं घर आहे."

मागं काही नको, असं कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण त्या चित्राकडे बघत राहिले. आपल्या पोरीच्या मागं एवढी पुस्तकं. मला ते फार आवडलं, आणि मी गप्प बसले.

रविवारी सकाळपासून मांडामांड. कपडे वाळत घालायची दोरी खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत बांधली आणि तिला चिमटे लावून कापड सोडलं. घड्यांच्या रेषा दिसत होत्या म्हणून ते उतरवलं, इस्त्री केली, परत टांगलं. ट्यूबलाइट लावली तर मोबाईलवर आमच्या तोंडावरून काळे पट्टे सरकायला लागले, म्हणून ती बंद केली. नुसता एक बल्ब लावला तर लेकीनं हात उचलला की हाताची सावली तिच्या तोंडावर. मग दोन बल्ब दोन बाजूंना, एक कपाटावर, एक स्टुलावर डबा ठेवून त्यावर. उजेड डोळ्यांत घुसायला लागला म्हणून त्यांच्यापुढं हातभर अंतरावर केकखाली घालतात तो पातळ कागद टांगला. कूलरच्या खोक्यातलं थर्माकोल नशिबानं टाकलं नव्हतं. ते खाली मांडीजवळ तिरकं ठेवल्यावर हनुवटीखालचा काळोख गेला. एक नीट झालं की दुसरं बिघडायचं. दर वेळी मला वाटायचं, हे आपल्याच्यानं व्हायचं नाही, शिकलेल्या माणसांची कामं आहेत ही.

कापड हलतं म्हणून पंखा बंद, कूलर बंद. मे महिना. ह्यांचा सदरा पाठीला चिकटलेला. मोबाईल लावून ते दार उघडून जिन्यात गेले आणि खाली ओरडले, "भैया, पाँच मिनट चुप रहिए! शूटिंग है!" खाली भाजीवाला भेंडी ओरडत होता. घरमालकीण चाची वर बघून म्हणाली, "हाय अल्ला, किसकी शूटिंग? हीरोइन कौन है?" तिला हे म्हणाले, "चाची, कुकर की सीटी भी मत बजाइए."

लेकीनं माझा हात ओढला आणि मोबाईलवर लिहून दाखवलं. ती लिहिते हिंदीत, इथल्या शाळेनं तेच शिकवलं. 'पापा सबको चुप क्यों करा रहे हैं?'

मी वाचलं. मग ह्यांना दाखवलं. हे दारातच उभे राहिले. मुक्या व्हिडिओसाठी त्यांनी अख्खी गल्ली गप्प केली होती. "च्यायला," एवढंच म्हणाले, आणि आम्ही तिघं इतके हसलो की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

पहिला व्हिडिओ झाला. बरा झाला असं वाटलं. हे ॲपमध्ये घालून बघायला बसले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इकडं ये जरा."

मागं पुस्तकं आली होती, सुंदर. लेक तिच्या काळ्या कुर्त्यात छान दिसत होती. आणि मी? माझे पंजे हवेत तरंगत होते. कोपरापर्यंत हात, मग काही नाही, मग पंजा. मधल्या जागेत पुस्तकं. माझ्या मनगटातून पुस्तकं दिसत होती.

हिरव्या बांगड्या. डझन-डझन काचेच्या, लग्नात भरल्या तेव्हापासून हात रिकामा ठेवलेला नाही. गावी गेले की कासाराकडून नव्या भरून यायच्या. इथल्या बायका लाल घालतात, त्यामुळे गल्लीत माझी ओळखच हरी चूड़ीवाली. ॲपला काय, हिरवं दिसलं की पुसायचं. कापड पुसलं तशा बांगड्या पुसल्या.

आज लिहिताना वाटतं, कापड काढायचं होतं. तेव्हा ते आम्हा दोघांच्या डोक्यात आलंच नाही. दुकानदारानं दिलेलं कापड बरोबरच असणार, सगळे हेच नेतात. चूक असेल तर माझ्या हातांची.

"लाल घालून बघ," हे म्हणाले. चाचीनं मोठ्या मनानं स्वतःच्या काढून दिल्या. त्या मला इतक्या मोठ्या झाल्या की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या, खाली केला की पंज्यावर. बोलू कशी? त्या मी चाचीला परत केल्या. काय करायचं ते आम्हाला दोघांनाही कळलं होतं.

मोरीत बसून साबण लावला. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे कानात वाजत होतं. एक बांगडी वाढली, बारीकसं रक्त आलं. बाकीच्या वाटीत काढून ठेवल्या आणि बाहेर आले. हात दुसऱ्याच कुणाचे वाटत होते, हलके आणि उघडे. ह्यांनी माझ्याकडे न बघता मोबाईल लावला.

इथं एक सांगायला पाहिजे. लेकीनं घरातल्या सगळ्यांना तिची नावं दिली आहेत. वडील म्हणजे ओठावरून फिरलेलं बोट, मिशी. चाची म्हणजे गुडघा चोळणं, कारण ती सारखी चोळते. आणि मी म्हणजे मनगटाभोवती दोन बोटं गोल फिरवणं. मला कुणी आजवर असं नाव दिलं नव्हतं. आधी मी कुणाची तरी मुलगी, मग कुणाची सून.

मी विचारलं, घरी कोण कोण आहे? तिनं ओठावरून बोट फिरवलं. मग दोन बोटं मनगटाकडे नेली, माझ्या हातांकडे बघितलं, आणि बोटं तिथंच थांबली. मी पुढं चल म्हणून खूण केली. चल, चल. ती हलेना. तिनं मोबाईल मागितला आणि लिहिलं, 'मम्मी का नाम कहाँ गया?'

मी बल्बकडे बोट दाखवलं, कापडाकडे, मोबाईलकडे. हिरव्यातून हिरवं जातं, हे हातांनी सांगायला माझ्याकडे खुणाच नव्हत्या. पोरीला एवढं साधं समजावता येत नाही, आणि म्हणे हिच्याशी बोलून दाखवायचंय. ती उठली, मोरीतून वाटी घेऊन आली आणि खाली बसून माझ्या हातात एकेक बांगडी सरकवायला लागली. साबणाचा हात, ओल्या बांगड्या, ती दात खाऊन दाबत होती. मला दुखत होतं. मी हात काढून घेतला नाही.

चाची दारात टेकून उभी होती, शूटिंग बघायला आली होती. म्हणाली, "अरे बिटिया, तो मुआ परदा ही क्यों नहीं बदल देते?"



"पण मग पुस्तकं?" हे म्हणाले.

"राहू द्या पुस्तकं," मी म्हटलं.

चाचीनं ट्रंकेतून रजाईची खोळ काढून दिली. वरून फुलाफुलांची, आतून साधी गडद निळी. उलटी करून टांगली. बल्ब तिथंच, थर्माकोल तिथंच. निळ्यावर लेकीचे हात असे उठून दिसले की मी बघतच राहिले. माझेही दिसले, बांगड्यांसकट. फक्त तिचा काळा कुर्ता निळ्यात जरा बुडाला, म्हणून तिला पिवळा घालायला लावला.

परत सुरू केलं. नाव काय, घरी कोण, काय आवडतं. ती भराभर बोलत होती, मी हसऱ्या तोंडानं मान हलवत होते. शेवटचा प्रश्न शाळेनंच लिहून दिलेला. तुला या शाळेत का यायचं आहे?

तिनं छतासारखे हात जुळवले, घर. मग एक बोट, एकटी. मग बोलण्याची खूण, लांबवर, पुन्हा पुन्हा. घरी मी एकटीच बोलते.

मला कळलं. नेमकं तेच वाक्य मला पूर्ण कळलं. समोर मोबाईलचा लाल ठिपका चालू होता. चेहऱ्यावर सावली नको असं लिहिलेलं होतं. मी हसत राहिले, तिला अंगठा दाखवला, शाब्बास.

"काय म्हणाली शेवटी?" ह्यांनी बल्ब बंद करता करता विचारलं.

मी सांगितलं.

ते खाली बसले. मोबाईल हातात घेऊन तेवढाच तुकडा बघितला, परत मागं नेऊन बघितला. लेक कूलर परत लावून खिडकीपाशी वारा घेत उभी होती, आमच्याकडे पाठ करून.

"दुसरा काढायचा का?" मी विचारलं. मला काय म्हणायचं होतं ते त्यांना कळलं. तिला सांगता आलं असतं, हे नको म्हणू, शाळा आवडते म्हण. ती म्हणालीही असती. आणि मला हेही ठाऊक होतं की हा व्हिडिओ गेला तर शाळा तिला घेणार आणि ती जाणार.

"नको," ते म्हणाले. "सगळं स्वच्छ दिसतंय." आणि ताईंना पाठवून दिला, पुढं शाळेला धाडायला.

ती गेली. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही तिला सोडून आलो. आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. रजाईची खोळ थंडी पडल्यावर चाचीला परत दिली, त्या जागी माझी निळी साडी टांगते. कॉलच्या आधी दोन्ही बल्ब लावते, थर्माकोल ठेवते. तिला माझे हात दिसले पाहिजेत. हे स्टुलावर बसून वाट बघतात. त्यांना आता जरा जास्त खुणा येतात, पण हात अजून कामगाराचेच, जड.

पहिल्या रविवारी ती खिडकीकडे पाठ करून बसली होती. नुसती काळी आकृती, तोंड नाही, हात नाहीत. काळ्यातून काळं हलत होतं. मी इकडून बोट गोल फिरवत राहिले, वळ, वळ, उजेडाकडे तोंड कर. ऐकू येत असतं तर ओरडले असते. मग तिलाच कळलं असावं. उठून खुर्ची फिरवली आणि एकदम लख्ख दिसली. आधी मनगटाभोवती दोन बोटं फिरवली.

मग बोलायला लागली. इतकं भराभर की मला निम्मंही समजलं नाही. नव्या खुणा, तिथल्या. मी कळल्यासारखी मान हलवली. ती थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि तेच परत सावकाश सांगितलं. तरी कळलं नाही. मी परत मान हलवली. तिच्या मागून दोन मुली आल्या, एकीनं काहीतरी विचारलं, ती तिकडे वळून उत्तर द्यायला लागली. तिघींचे हात एकदम चालले होते. तिथं उजेड भरपूर होता.