कानामागची काजळी

डब्यात खिडकी लावून बसलेली ती एकटीच होती. बाकीचे प्रवासी अर्धे बाहेर लोंबकळत होते आणि जुन्या इंजिनाने धूर सोडला की अत्तर हुंगावं तसा तो हुंगत होते. तिचा मुलगा तर सकाळपासून मान आत घ्यायलाच तयार नव्हता.

"आई, बंद खिडकीतून काय दिसणार?" सून म्हणाली.

म्हातारीने खिडकीची कडी आणखी घट्ट लावली. कुठूनसा एक काळा कण तिच्या मांडीवरच्या पावावर येऊन बसला होता. तिने तो नखाने उडवला, पण तेवढ्याने भागेना. अख्खा पाव कागदात गुंडाळून तिने बाकाखाली सारला. तो आता घशाखाली उतरणं शक्य नव्हतं.

हौशी प्रवाशांसाठी पुन्हा चालवलेल्या कोळशाच्या गाडीतली ही सहल मुलाने तिच्या सत्तरीनिमित्त ठरवली होती. बाबांच्या इंजिनामागे बसून आई किती खूश होईल, हे तो महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटला होता. त्याचा हिरमोड नको म्हणून ती निमूट गाडीत बसली होती.

तिचा नवरा अशाच इंजिनावर अठ्ठावीस वर्षं फायरमन होता. फावड्याने कोळसा उचलायचा आणि भट्टीत टाकायचा, हेच काम. त्या काळात रेल्वेच्या वसाहतीतल्या बायका तिला साबणवाली म्हणत, कारण त्या एकेक वडी आणायच्या आणि ही खोकंच घरी आणायची. पहाटे तो मागच्या दाराने यायचा. अंगणातल्या नळाखाली बसवून ती त्याला घासायची. मान, कोपरं, नखं. पहिलं पाणी डांबरासारखं निघायचं, दुसरं राखाडी. कानामागची काजळी मात्र शेवटपर्यंत चिवटपणे चिकटून राहायची. पोरं उठायच्या आत सगळं आटपायला हवं, हा त्याचा हट्ट. त्यामुळे पोरांना बाप माहीत होता तो धुतलेल्या सदऱ्यातला, साबणाचा वास येणारा. शेवटच्या दोन वर्षांत तो खोकून ज्या भांड्यात थुंकायचा, ते भांडंही तिने दुसऱ्या कुणाला धुऊ दिलं नाही. त्यातही काळंच असायचं.

मधल्या स्टेशनात इंजिन पाणी प्यायला थांबलं आणि सगळे खाली उतरले. फलाटावर फायरमनचा जुना पोशाख घातलेला एकजण पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. डब्यात तेलात कालवलेली कोळशाची पूड. तो बोटाने ती गालांवर फासायचा, हातात फावडं द्यायचा आणि इंजिनासमोर फोटो काढायचा. चांगले शिकलेसवरलेले लोक हसत हसत रांगेत उभे होते. तिला शिसारी आली.

घरच्यांत मुलाचा नंबर पहिला लागला, त्याच्यामागे रांगेत नात होती. काळं फासलेलं तोंड आणि खांद्यावर गदेसारखं उलटं धरलेलं फावडं घेऊन तो तिच्यासमोर आला.

"काय आई, दिसतोय की नाही बाबांसारखा?"

तेवढ्यात त्या माणसाचं चिकट बोट नातीच्या गालाकडे गेलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"तिला हात लावू नका."

"अगं आई, गंमत आहे," मुलगा म्हणाला. "बाबांना किती आवडलं असतं."

"बाबांना तू असं काळं कधी पाहिलंस?"

तो आठवू लागला. त्याला एकही सकाळ आठवेना.

"नाही," तो म्हणाला.

"तुला दिसू नये म्हणून मी रोज पहाटे त्यांना नळाखाली घासत होते. छातीत गेलं तिथं माझा साबण पोचला नाही. आणि तू हे हौसेने फासून घेतोस? किळस येते रे मला तुझी."

रांगेतलं हसणं थांबलं. सुनेने मोबाइल पर्समध्ये टाकला. मुलाने फावडं परत केलं, पण हातांचं काय करावं ते त्याला सुचेना.

म्हातारीने पिशवीतून साबणाची डबी काढली. ती तिच्याकडे कायमच असायची. फलाटाच्या टोकाशी असलेल्या नळाकडे ती चालू लागली आणि तो मुकाट्याने मागे गेला. नातीने डबी धरली. तो खाली वाकला. तिने त्याची मान एका हाताने दाबली आणि दुसऱ्या हाताने घासायला सुरुवात केली. पहिलं पाणी काळं गेलं.

इंजिनाने शिट्टी दिली.

"आई, गाडी सुटेल," तो फेसातून म्हणाला.

"सुटू दे. कानामागे राहिलंय."