मुशीची नाळ

लढाईच्या काळातली गोष्ट. उत्तनला आमच्या घरी थोरली बहीण बाळंतपणाला आली, पोर झाली, आणि दूधच येईना. शेळीचं दूध पाजलं की पोर ओकायची. रडून रडून तिचा आवाज बसला होता. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

त्यात ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. मटण-कोंबडी बंद, मासा तेवढा चालायचा. आणि बाळंतिणीच्या दुधाला आमच्याकडे मुशीसारखं, म्हणजे लहान शार्कसारखं, औषध नाही, म्हणून बा मुद्दाम मुशी घेऊन आला. चांगली हातभर, अजून तोंड हलवणारी. आईने तिचं पोट चिरलं आणि "आगं बाय!" करून मागे सरकली. आत पिल्लं होती. वळवळणारी, आणि प्रत्येकाला नाळ!

"ही मासली न्हाय," आई म्हणाली. "नालवाली हाय, शेलीसारकी. उपासात न्हाय चालाची."

मी शाळेत जाणारी, जरा आगाऊच. पुस्तकात लिहिलं होतं, मासा अंडी घालतो. बोईट माशाच्या पोटातली अंडी, गाबोळी, मी कितीदा खाल्ली होती, म्हणजे ते खरंच होतं. मग हे काय? पिल्लं मी समुद्राच्या पाण्याच्या घमेल्यात टाकली आणि उकिडवी बसून बघत राहिले. तोंड उघडायचं, मानेजवळच्या चिरा हलायच्या. श्वास घ्यायला एकही वर येईना. मग गोठ्यात जाऊन शेळीच्या नाकापुढे हात धरला. हातावर गरम वारा आला.

"आई, ही पाण्यातच श्वास घेतात! नाळ असूदे, कल्ले हायेत. मासाच हाय!"

आई घमेल्यावर वाकली, बराच वेळ बघत राहिली. शेवटी "तुज्या तोंडाला कोन लागल!" म्हणत तिने क्रूस केला आणि चूल फुंकली.

कालवण झालं. बहिणीने ताट बाजूला सारलं.

"मासा हाय गो, खा!" मी ओरडलेच. इथे पोर कण्हतेय आणि हिची ही थेरं!

"मासा हाय, ठावं हाय मना," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "पन तिची पोरां कुठं हाईत?"

माझा राग खाडकन उतरला. घमेलं उचललं आणि किनाऱ्यावर धावत गेले. कमरेभर पाण्यात शिरून पिल्लं सोडली. एक माझ्या पायाला घासून गेलं, बाकीची कुठे गेली दिसलीच नाहीत.

परत आले तेव्हा कालवण गार झालं होतं.

"गेली?"

"गेली. पोहत गेली."

तिने पोरीला मांडीवर नीट घेतलं, ताट पुढे ओढलं आणि रडत रडत सगळं संपवलं.

दूध आलं. ती पोर आज स्वतः आजी आहे. पण ही गोष्ट ऐकल्यापासून मुशी काही तोंडाला लावत नाही.